संत्र्याची रास आणि 387 वर्षांचा हिशेब

आंबिया बहाराचा माल निघाला की अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या बाजारात सकाळी सकाळी संत्र्याच्या राशी लागतात. छाटणी करणाऱ्या बाया मोठं फळ एकीकडे, चुरी दुसरीकडे करतात आणि हात आपोआप रास रचत जातात. एक थर झाला की त्यातल्या खळग्यांत दुसरा, दुसऱ्याच्या खळग्यांत तिसरा. याच तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बीएस्सीला गणित शिकवतो आणि दर हिवाळ्यात एकदा पिशवीभर संत्री घेऊन वर्गात जातो.

यंदा टेबलावर पाच थरांची त्रिकोणी रास केली. खाली 15, मग 10, 6, 3 आणि वर 1, एकूण 35. विचारलं, "यापेक्षा दाट रचता येईल का?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाही सर. हे त आमच्या आजीलेही माईत आहे."

आजीला माहीत आहे, यात वादच नाही. जहाजावर तोफगोळे रचायचा प्रश्न इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलीने गणिती थॉमस हॅरियटला घातला, हॅरियटचा पत्रव्यवहार खगोलशास्त्रज्ञ केप्लरशी झाला आणि केप्लरने 1611 साली हिमकणाच्या आकारावरच्या एका छोट्या पुस्तिकेत लिहून टाकलं की हीच रचना सगळ्यांत दाट. या राशीत फळं जवळपास 74.05 टक्के जागा व्यापतात, बाकी हवा. थर चौकोनी ओळींत मांडून फळावर फळ सरळ उभं ठेवलं, खळग्यात नाही, तर हाच आकडा 52 च्या आसपास येतो. केप्लरने सांगितलं, पण सिद्ध केलं नाही. सिद्धता व्हायला 1998 साल उजाडलं.

इतका वेळ का लागला, हे संत्री हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. एका संत्र्याभोवती, त्याला टेकून, किती संत्री बसतील? बारा बसतात. पण बसल्यावरही मधे इतक्या फटी राहतात की तेरावं घुसेल असं वाटत राहतं. न्यूटन बारावर ठाम होता, त्याच्या काळातला गणिती डेव्हिड ग्रेगरी याला तेराची आशा होती. हा वाद 1694 चा. न्यूटनचं बरोबर होतं, हे पक्कं ठरलं 1953 मध्ये.

खरी मेख या फटींतच आहे. एका फळाभोवतालच्या तेवढ्याच जागेपुरतं पाहिलं तर बारा फळं वेगळ्या तऱ्हेने बसवून 75 टक्क्यांच्याही वर जाता येतं. मात्र ती रचना पुढे वाढवायला गेलं की जोड जुळत नाही आणि जेवढं कमावलं त्याहून जास्त बाजूच्या फटींत जातं. म्हणजे एका फळाचा हिशेब पुरत नाही, अख्ख्या राशीचा मांडावा लागतो. आणि राशी रचायच्या तऱ्हांना अंत नाही. जर्मन गणिती गाउसने 1831 मध्ये फक्त शिस्तीत, जाळीसारख्या रचलेल्या राशींपुरतं उत्तर दिलं. उरलेल्या बेशिस्त राशी अमेरिकन गणिती टॉमस हेल्सने 1998 मध्ये आपला विद्यार्थी सॅम्युअल फर्ग्युसनला सोबत घेऊन, कॉम्प्युटरवर प्रचंड आकडेमोड करून निकालात काढल्या. तपासणाऱ्यांनी बरीच वर्षं घालवली आणि सांगितलं, 99 टक्के खात्री आहे. हेल्सला तो एक टक्का सलत राहिला. मग त्याने सिद्धतेची पायरी न पायरी कॉम्प्युटरकडून तपासून घ्यायचं काम हाती घेतलं, ते 2014 मध्ये संपलं. मला हा माणूस आवडतो.

"पण सर, आजीचंच उत्तर निघालं ना शेवटी? मंग कायच्या कामाचं?"

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शुद्ध गणिताचे पेपर वेगळे, उपयोजित वेगळे, म्हणून पोरांच्या डोक्यातही दोन खोल्या झालेल्या असतात. आणि मास्तरांनी सांगायची ठरलेली गोष्ट अशी, की आधी शुद्ध गणित होतं, मग शंभर वर्षांनी त्याचा उपयोग सापडतो. संत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट जुळत नाही.

मोबाइलवरचा फोटो म्हणजे शून्य-एकांची लांबलचक माळ. वाटेत काही अंक बिघडतात. त्यावर उपाय म्हणून संदेश एकमेकांपासून इतके दूर निवडायचे की थोडा बिघाड झाला तरी मूळ कोणता ते ओळखू यावं. प्रत्येक संदेशाभोवती बिघाडाचं एक वर्तुळ, खरं तर गोल, कल्पायचा आणि हे गोल एकमेकांत न घुसता जास्तीत जास्त मावले पाहिजेत. म्हणजे पुन्हा संत्र्याची रासच, फक्त जेवढे अंक तेवढ्या मिती; 24 अंकांची माळ घेतली तर तीन मितींऐवजी चोवीस मितींमध्ये. गोले यांनी 1949 मध्ये सुचवलेल्या संकेताच्या (कोडच्या) वाढवलेल्या रूपात 24 अंकांपैकी 12 संदेशाचे, 12 बिघाड पकडणारे राखणदार. तीन अंकांपर्यंत बिघडले तरी मूळ संदेश परत मिळतो. नासाच्या व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीचे रंगीत फोटो याच संकेतात पाठवले. त्याच संकेतावरून गणिती जॉन लीच यांनी 1967 मध्ये चोवीस मितींतली एक रास उभी केली, तिच्यात एका गोलाला 1,96,560 गोल टेकतात. ही रास सगळ्यांत दाट आहे हे मात्र 2016 मध्ये सिद्ध झालं. युक्रेनच्या मारीना व्याझोव्स्का यांनी आधी आठ मितींचं कोडं एकटीने सोडवलं आणि पुढच्या आठवडाभरात चार सहकाऱ्यांसोबत चोवीसचं. गणितातलं मानाचं फील्ड्स पदक त्यांना 2022 मध्ये मिळालं. म्हणजे फोटो पृथ्वीवर पोचून साडेतीन दशकं झाल्यावर शुद्ध गणित तिथे पोचलं!

आता कॅरेटकडे, म्हणजे फळं भरायच्या प्लास्टिकच्या पेटीकडे येऊ. कॅरेटमध्ये कोणी रास रचत नाही, फळं ओततात आणि दोन हिसके देतात. गोल वस्तू अशा ओतल्या तर हलवून हलवून 64 टक्क्यांच्या आसपास थांबतात. पण आपलं संत्रं कुठे गोल आहे? ते वरून-खालून दबलेलं असतं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये चपट्या चॉकलेट गोळ्या ओतून पाहिल्या तर आकडा 68 पर्यंत गेला. गोल वस्तू जागच्या जागी फिरवली तरी फरक पडत नाही, चपटी मात्र फिरून फटीत घुसते. म्हणून तिला पक्की अडकवायला जास्त शेजारी लागतात, गोलाला सरासरी सहा, तिला दहाच्या घरात. उपयोजित गणितवाल्याचा प्रश्न मात्र इथे संपत नाही. दाट भरलं तर तळाच्या फळावर भार किती, हवा खेळेल का, आणि रचत बसायची मजुरी कोण देणार?

एमएस्सीच्या दोन मुलींनी हे बादलीत मोजून पाहायचं ठरवलं. बादली संत्र्यांनी काठोकाठ भरायची, वरून पाणी ओतायचं, जेवढं पाणी मावलं तेवढी फट. पहिल्याच दिवशी सगळी संत्री तरंगून वर आली. दुसऱ्या दिवशी वर जाळी बांधली. आकडा 64 च्या बराच खाली येतो, कारण बादलीच्या भिंतीला लागून फळं नीट बसत नाहीत. आता त्या कोणाच्या तरी घरून पाण्याची मोठी टाकी मागायच्या बेतात आहेत.