फँटसी फुटबॉल : बाराव्या नंबरची पार्श्वभूमी

ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्याला अमेरिकन फुटबॉलवरच्या फँटसी लीगमधला ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडणं, आधी बुचकळ्यात टाकतो. आपल्याकडे एकच विराट कोहली लाखो जणांच्या संघात असायचा. तिकडच्या नेहमीच्या लीगमध्ये एकाने उचललेला खेळाडू बाकीच्यांना मिळत नाही. गल्लीत गडी वाटून घेतात तसंच. त्यामुळे निवडायच्या रांगेत आपला नंबर कितवा, याला फार महत्त्व; बारा जणांत बारावा म्हणजे सगळ्यात शेवटी.

हा खेळ 1962 मध्ये सुचला. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघातले एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर दौऱ्यावर होते. न्यूयॉर्कच्या हॉटेलात पत्रकार स्कॉटी स्टर्लिंग आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर बसून त्यांनी नियम ठरवले. 1963 च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाख यांच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. सगळ्यात आधी उचलला गेला ह्यूस्टनचा जॉर्ज ब्लांडा. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा होता, आणि किकही तोच मारायचा; त्या लीगमध्ये हिशेब फक्त स्कोअरचा, यार्डांचा (चेंडू किती पुढे नेला त्याचा) नाही, म्हणून निवड तशी शहाणपणाचीच. पण रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, जिम ब्राउन हातचा गेला, आणि त्याने त्याच मोसमात धावून 1,863 यार्ड काढले! पहिला नंबर मिळाला म्हणजे जिंकलो, हा समज तिथेच मोडायला हवा होता.

खऱ्या एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचा, नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट 1936 पासूनचा. त्यात सगळ्यात कमजोर संघ आधी निवडतो आणि विजेता प्रत्येक फेरीत शेवटी. बलवानाला लगाम घालणं हाच हेतू. फँटसीत सगळे शून्यावरून सुरू करतात, म्हणून तिथे नागमोडी क्रम रुळला : पुढच्या फेरीत रांग उलटी. बारा जणांच्या लीगमध्ये शेवटच्याला 12 वा आणि लगेच 13 वा खेळाडू मिळतो. मग थेट 36 आणि 37. मधले 22 जण दुसऱ्यांच्या घरी.

यार्डांचे गुण धरले जाऊ लागल्यावर रनिंग बॅकचा भाव वधारला. प्रत्येकाला दोन हवेत म्हणजे बारा जणांना चोवीस, आणि भरवशाचे मोजकेच. त्या काळात बारावा नंबर म्हणजे उरलंसुरलं, अशी तक्रार असायची. 2004 मध्ये बचावपटूंच्या धक्काबुक्कीवर पंचांनी कडक धोरण घेतलं, त्यामुळे पासिंग, म्हणजे चेंडू फेकून खेळणं, वाढलं. पुढे झेललेल्या प्रत्येक पासला गुण देणाऱ्या लीगही पसरल्या. 2013 मध्ये शॉन सीगेल यांनी 'झीरो आरबी' (शून्य रनिंग बॅक) हे धोरण मांडलं : सुरुवातीला रनिंग बॅक घेऊच नका, त्यांना दुखापती फार. माझ्या मते याचा खरा फायदा शेवटच्या, म्हणजे बाराव्या नंबरला. दोन अव्वल वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) एकदम घेता येतात, आणि कोणत्या जागेसाठी झुंबड उडवायची हेही तिथूनच ठरवता येतं. मात्र 'हा पुढच्या वेळी मिळेल' ही आशा तिथे धरू नये.

तरीही पहिल्या नंबरला झुकतं माप मिळतं असं वाटणाऱ्या काही लीग तिसरी फेरीही दुसरीच्याच क्रमाने खेळवतात. मग बाराव्याला 36 ऐवजी 25 वा खेळाडू मिळतो, आणि त्यानंतर 48 पर्यंत हात बांधून बसावं लागतं.