अमेरिकेतील बेकारी भत्ता शेवटच्या पगाराच्या निम्मा असतो का?

‘अमेरिकेत नोकरी गेली, की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दर आठवड्याला मिळते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्याचा अंश असल्याने तो सहज पटतो. मात्र त्यावर घरभाड्याचा हिशेब बांधणे धोक्याचे आहे.

भत्त्याचे सूत्र प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. कॅलिफोर्नियात साधारणपणे अर्जाआधीच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार विचारात घेतात आणि त्यांतील सर्वाधिक कमाईच्या तिमाहीवरून भत्ता ठरतो. मे महिन्यात अर्ज केल्यास मागील वर्षाचे जानेवारी ते डिसेंबर हे महिने धरले जातात. त्यामुळे यंदाच्या जानेवारीत मिळालेली पगारवाढ, ती कितीही मोठी असली तरी, हिशेबात येत नाही.

सर्वोच्च तिमाहीत 7,800 डॉलर मिळाले असतील, तर त्याला 26 ने (तिमाहीतील 13 आठवड्यांच्या दुपटीने) भागून आठवड्याला सुमारे 300 डॉलर येतात आणि इथे ‘निम्मा पगार’ खरा ठरतो. परंतु तिमाहीत 19,500 डॉलर कमावणाऱ्याला 750 नव्हे, तर 450 डॉलरच मिळतात, कारण 2005 पासून तिथली कमाल मर्यादा तेवढीच आहे. शिवाय या रकमेवर केंद्रीय प्राप्तिकर लागतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पडताळणीसाठी पगाराच्या पावत्या घ्याव्यात, पगार हाती पडल्याच्या तारखेनुसार कपातीपूर्वीच्या रकमांची तिमाहीवार बेरीज करावी आणि अर्जानंतर राज्याकडून येणाऱ्या पत्रातील आकड्यांशी ती ताडून पाहावी. एखाद्या मालकाने दिलेले वेतन त्यात नसल्यास पावत्या जोडून दुरुस्ती मागता येते.