नर गिनीपिगच्या जोडीत भांडण झाल्यास काय करावे: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिनीपिगांना काही दिवस सांभाळण्याचे आणि बिनसलेल्या जोड्या पुन्हा जुळवण्याचे काम आम्ही करतो. त्यासाठी येणाऱ्या बहुतेक फोनवर एकच हकिगत ऐकू येते. कित्येक महिने गुण्यागोविंदाने राहिलेले दोन नर एकाएकी एकमेकांवर दात कडकडवू लागले, घरच्यांनी घाबरून त्यांना लगेच वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, आणि आता एकत्र सोडले की ते आधीपेक्षाही जास्त भांडतात. या हकिगतीतला खोल्या वेगळ्या करण्याचा भाग आम्हाला सर्वांत महाग पडतो. दोन दिवसांत मिटले असते त्याला मग अनेक आठवडे लागतात. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे.

दोन नर एकत्र राहतात तेव्हा त्यांपैकी एक वरचढ असतो आणि दुसरा ते मान्य करतो. ही मान्यता कायमची नसते. साधारण तिसऱ्या महिन्यापासून चौदाव्या महिन्यापर्यंत नर वयात येत असतात, आणि त्या काळात कुरघोडीचे प्रयत्न वारंवार होतात. एक जण खोल, सलग घरघर करत, मागचा भाग डावीउजवीकडे डोलवत दुसऱ्याभोवती संथपणे फिरतो. त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. दुसरा क्षणभर नाक वर करून उभा राहतो, दोघांचे दात वाजतात, आणि मग एक जण तोंड फिरवून गवताकडे जातो. पाहणाऱ्याला हे भयंकर वाटते, परंतु ज्या क्षणी तोंड फिरवले गेले त्याच क्षणी वाद मिटलेला असतो. पाठलाग, अंगावर चढणे, मागचा भाग हुंगणे, हवेत तोंड मारून हुसकावणे, हेही याच व्यवहारात मोडते. रक्त निघालेले नाही, दोघेही खात आहेत आणि पाठलागाला मध्ये मध्ये खंड पडतो आहे, तोवर कृपया हात घालू नये.

दात वाजताच त्यांना वेगळे केले तर वाद अर्धवट राहतो. पुन्हा एकत्र आल्यावर दोघेही तो पहिल्यापासून सुरू करतात, आणि मधल्या काळात एकमेकांचा वास न मिळाल्यामुळे समोरचा त्यांना परका वाटू लागतो. "रात्री वेगळे आणि दिवसा एकत्र" ही तडजोड अनेक जण मोठ्या मायेने करतात, हे आम्ही जाणतो. परंतु तिच्यामुळे रोज सकाळी नवे भांडण उभे राहते.

खरी मारामारी वेगळी ओळखू येते. दोघे समोरासमोर मागच्या पायांवर उठतात, एकमेकांना चावा घेऊन धरतात आणि गुंडाळी होऊन लोळतात. अशा वेळी हात मध्ये घातल्यास बोटाला खोल चावा बसतो. जाड टॉवेल टाकावा किंवा पुठ्ठा मध्ये सरकवावा. त्यानंतर त्यांना जरूर वेगळे करावे, मात्र त्याच पिंजऱ्यात मधोमध तारेची जाळी लावून, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास येत राहील आणि एकमेकांचे दर्शनही होईल. मग केस बाजूला सारून पाठ, ओठ आणि कान नीट तपासावेत. दाताची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत पू धरते, म्हणून लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवणे आवश्यक आहे. घरातले प्रतिजैविक मुळीच देऊ नये. पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या प्राणावर बेतू शकते.

भांडणाचे कारण अनेकदा पिंजऱ्यातच सापडते. दोन नरांसाठी दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद मोकळी जमीन आम्ही किमान मानतो. माळे चढवून वाढवलेली जागा आम्ही यात धरत नाही, कारण पळणाऱ्याला सलग धाव लागते. पाण्याच्या बाटल्या, गवताचे ढीग आणि लपायच्या जागा प्रत्येकी दोन असाव्यात आणि त्या दूरदूर ठेवाव्यात. लपायच्या खोक्याला दोन दारे हवीत. एकाच दाराच्या खोक्यात दुबळा नर कोंडला जातो आणि नाइलाजाने चावतो. त्याच खोलीत मादी ठेवू नये आणि जोडीत तिसरा नर आणू नये. खच्चीकरणाने वरचढपणाची चढाओढ थांबत नाही, त्यामुळे केवळ त्या आशेने शस्त्रक्रिया करून घेऊ नये. वर्षानुवर्षे शांत असलेला प्रौढ नर अचानक चिडू लागला, तर दातांचे दुखणे, मुतखडा किंवा खरूज यांपैकी काही नाही ना, हे आधी पाहावे. आठवड्यातून एकदा दोघांचे वजन करून लिहून ठेवल्यास अशी दुखणी लवकर लक्षात येतात. हवे असल्यास वजनाची नोंद आणि नखे कापणे हे काम आम्ही एकाच भेटीत करून देतो.

नखे कापण्यासाठीसुद्धा आम्ही जोडीतला एकटा नर घेत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. एकटा गेलेला नर परक्या वासासह घरी परततो आणि घरचा त्याला ओळखत नाही, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की या नियमाला अपवाद करणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्याच कारणाने जुळवण्याआधी आम्ही त्यांना आंघोळ घालत नाही. तिने वास जातो आणि ताण वाढतो. आमच्याकडे बिनसलेली जोडी प्रथम काही दिवस जाळीच्या दोन बाजूंना राहते. नंतर दोघांपैकी कोणाचीच नाही अशा मोठ्या मोकळ्या जागेत, गवताच्या मोठ्या ढिगाशी, आमच्यातील एक जण टॉवेल घेऊन शेजारी बसलेला असताना ते एकत्र येतात, आणि शांत होऊन एकमेकांजवळ खाऊ लागेपर्यंत आम्ही त्यांना उचलत नाही. याला अनेक तास लागतात, आणि घरी एवढा वेळ देणे सर्वांना जमत नाही. काही जोड्या त्यानंतरही जुळत नाहीत. अशा वेळी आम्ही तसे स्पष्ट सांगतो आणि दोघांना जाळीआडचे शेजारी म्हणून कायम कसे ठेवावे, हे दाखवून देतो. तशा जाळ्या आमच्याकडे मोजमापाप्रमाणे मिळतात.

जोडी आणताना दोघांना, रक्तपात झालेला नसल्यास, एकाच पेटीत आणावे, अन्यथा पेटीत मधोमध जाळी लावावी. सोबत त्यांच्या पिंजऱ्यातले मूठभर वापरलेले अंथरूण, वजनाची वही, आणि पहिले भांडण कोणत्या दिवशी झाले व त्यानंतर ते किती काळ एकमेकांच्या नजरेआड होते याची नोंद आणावी. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.