खानापूरची दुर्बीण, अथणीची दुर्बीण

दहा हजार रुपयांच्या आसपास चांगली, टिकाऊ दुर्बीण कोणती मिळेल, हा प्रश्न बेळगाव भागात पक्षी पाहणारे, रानात हिंडणारे आणि रानडुकरांपासून भात राखणारे शेतकरी असे सगळेच विचारतात. या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण हवामानाच्या दृष्टीने हा जिल्हा एक नाही. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, आमगाव हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा पट्टा आहे. मलप्रभा आणि म्हादई या दोन्ही नद्या खानापूर तालुक्यातच उगम पावतात आणि पावसाळ्यात तिथे काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही अंतर नसलेल्या अथणीत मात्र वर्षभराचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात असतो. दुर्बिणीचे आयुष्य तिच्या आतली हवा किती कोरडी राहते आणि आतले लोलक, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचा, जागेवर किती घट्ट बसून राहतात यावर अवलंबून असल्यामुळे, हा फरक खरेदीच्या वेळी सर्वांत आधी विचारात घ्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्बिणीवर छापलेल्या ८×४२ या आकड्यांपैकी पहिला वर्धन सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. बहुतेक ग्राहक पहिल्या आकड्याच्या मागे लागतात, आणि कमी पैशांत फसगत होते ती तिथेच. निरोगी डोळ्याला सुमारे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनाचा तपशील वेगळा ओळखता येतो. शंभर मीटरवर हे अंतर २९ मिलिमीटर भरते. आठपट वर्धनाने ते साधारण ३.६ मिलिमीटरवर येते आणि दहापट वर्धनाने २.९ मिलिमीटरवर. म्हणजे आठाऐवजी दहा घेऊन कागदावर पाऊण मिलिमीटरही पदरात पडत नाही. उलट हाताची थरथर मात्र त्याच प्रमाणात वाढते, आणि चढ चढून धाप लागलेल्या माणसाच्या हातात तो पाऊण मिलिमीटर केव्हाच विरून जातो. बाराच्या पुढची दुर्बीण तिकाटण्यावर ठेवल्याशिवाय कामाची नाही. वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या, झूमच्या स्वस्त दुर्बिणी तर घेऊच नयेत. त्यांच्यात सरकणारी जास्तीची भिंगे असतात, दोन्ही नळ्यांतील वर्धन एकसारखे राहत नाही आणि ढिले पडणारे भाग वाढतात. जत्रेतल्या दुकानांत मिळणाऱ्या लालभडक भिंगांच्या दुर्बिणींचेही तसेच आहे. त्यांचा लेप लाल प्रकाश बाहेर परतवतो, त्यामुळे आत दिसणारे चित्र हिरवट-निळसर होते आणि पक्ष्याचा खरा रंग कळतच नाही.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३.१ मिलिमीटर येतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून हिडकल धरणाच्या काठावर दुपारी या तिन्हींमध्ये उजेडाचा फरक जाणवणार नाही. भीमगड अभयारण्यातल्या दाट सावलीत, तेही सकाळी सहाला, बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत रुंदावते आणि तिथे ८×२५ ची दुर्बीण डोळ्याला उपाशी ठेवते. ४२ मिलिमीटरचे भिंग २५ मिलिमीटरच्या भिंगाच्या २.८ पट प्रकाश गोळा करते, कारण प्रकाश व्यासावर ठरत नाही, क्षेत्रफळावर ठरतो. पन्नास मिलिमीटरच्या भिंगांनी आणखी उजेड मिळतो खरा, पण वजन इतके वाढते की तासाभरात मान अवघडते आणि दुर्बीण पिशवीत जाते. रानात हिंडणाऱ्याने ८×४० किंवा ८×४२ यांवरच थांबावे.

गोळा केलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच सांडतो, हे भिंगांवरच्या लेपावर ठरते. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश मागे परततो. एका नळीत अशा दहा सीमा धरल्या तर लेप नसलेल्या दुर्बिणीतून अवघा ६६ टक्के प्रकाश पलीकडे जातो. वाया गेलेल्या प्रकाशातला काही भाग आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरकी झाक आणतो, ती वेगळीच. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ पारदर्शक थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लहरी परस्परांना मारक ठराव्यात इतकी त्या थराची जाडी नेमकी ठेवलेली असते. आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे प्रत्येक सीमेवरचे नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते आणि त्याच दहा सीमांमधून ९५ टक्के प्रकाश पार होतो. खोक्यावर काय लिहिले आहे यापेक्षा दुकानात स्वतः पाहिलेले बरे. मोबाइलची बॅटरी लावून वस्तुभिंगात तिरके पाहावे. आत एकामागे एक उजेडाचे ठिपके दिसतात. ते सगळे मंद हिरवे किंवा जांभळे असतील तर सर्व पृष्ठांवर लेप आहे असे समजावे. त्यांत एखादा लख्ख पांढरा ठिपका असेल तर आतली ती काच उघडी ठेवून पैसे वाचवलेले आहेत.

आता लोलकांकडे येऊ, कारण कमी पैशांतली खरी अडचण तिथे आहे. भिंगांनी उलटे झालेले चित्र सुलटे करण्यासाठी दुर्बिणीत लोलक बसवावे लागतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत प्रकाश दोन काटकोनी लोलकांतून वळणे घेत जातो, म्हणून त्या दुर्बिणीचे खांदे रुंद दिसतात. दुसऱ्या प्रकारात लोलकाच्या एका बाजूला घराच्या आढ्यासारखी धार असते आणि नळ्या सरळसोट राहतात. पोरोच्या लोलकात प्रत्येक वळणावर पूर्ण आंतरिक परावर्तन होते, म्हणजे सगळा प्रकाश काचेच्या आतूनच परततो, त्यामुळे आरशाचा मुलामा लागत नाही आणि प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या आढ्याच्या लोलकाला एका पृष्ठावर असा मुलामा द्यावाच लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर दहा-बारा टक्के प्रकाश तिथेच जातो. शिवाय आढ्याच्या धारेवर प्रकाशाचे दोन भाग होतात, त्यांच्या लहरी एकमेकींच्या मागेपुढे पडतात आणि चित्राची धार बोथट होते. हा दोष दूर करणारा कला-दुरुस्तीचा (फेज करेक्शनचा) लेप झाइसने १९८८ मध्ये आणला आणि आता तो मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही मिळू लागला आहे. थोडक्यात, तितक्याच पैशांत पोरोची दुर्बीण जवळपास नेहमीच अधिक स्वच्छ चित्र देते. लोलकाची काच मात्र पाहून घ्यावी. बीके-७ या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप, १.५१७ आणि बॅक-४ चा १.५६९ आहे. पूर्ण परावर्तनासाठी लागणारा किमान कोन पहिलीत ४१.२ अंश, तर दुसरीत ३९.६ अंश येतो, त्यामुळे कडेने तिरके येणारे किरण पहिलीतून निसटतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करावी आणि नेत्रभिंगातला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातला, प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो काठापर्यंत गोल आणि उजळ असेल तर काच चांगली आहे; कडा करड्या पडून तो चौकोनी दिसत असेल तर ती दुर्बीण परत ठेवावी. हे करताना सूर्याच्या दिशेला चुकूनही जाऊ नये.

एवढे वाचून कोणीही पोरोची दुर्बीण घेईल, आणि अथणी, रायबाग, सौंदत्ती या भागांत ती अगदी योग्यच ठरेल. खानापूरच्या रानासाठी मात्र मी ती सुचवणार नाही. स्वस्त पोरो दुर्बिणीत फोकसचे चाक फिरवले की नेत्रभिंगांचा पूल बाहेर सरकतो, आत येतो आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते. चाकाला हात लावला नाही तरी हवेची ये-जा चालूच असते. उन्हात ठेवलेल्या गाडीत दुर्बीण ४५ अंशांपर्यंत तापली आणि नंतर २२ अंशांवर आली, तर आतली हवा सुमारे सात टक्क्यांनी आकसते आणि तेवढी बाहेरची ओली हवा आत शिरते. पावसाळ्यात जांबोटीला हवा २४ अंश असेल आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के, तर दवबिंदू २२ अंशांच्या जरा वर असतो. म्हणजे काच दोनच अंशांनी थंड झाली की तिच्यावर बाष्प धरते, आणि ते आतल्या बाजूला धरले तर कोणत्याही फडक्याने पुसता येत नाही. याउलट एप्रिलमध्ये अथणीला ३८ अंश उष्णता आणि २० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो. तिथे काच धुकटायची तर ती २७ अंशांनी थंड व्हावी लागेल.

बाष्पापेक्षा वाईट गोष्ट त्यामागून येते. दीर्घकाळ ओलसर राहिलेल्या काचेवर बुरशी धरते. भिंगात बॅटरीचा उजेड टाकला की ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या तंतूंनी कडेकडून आत सरकताना दिसते. तिच्यातून पाझरणारी आम्ले लेप खातात आणि पुढे काचेलाही खड्डे पाडतात. मग बुरशी पुसून काढली तरी तिची नक्षी तशीच राहते. म्हणून घाटमाथ्यावर वापरायची दुर्बीण रबरी कड्यांनी बंद केलेली आणि आत कोरडा नायट्रोजन भरलेली असावी. नायट्रोजनच भरण्याचे कारण एवढेच की तो कोरडा मिळतो, स्वस्त आहे आणि कशावरही सहज क्रिया करत नाही. खोक्यावर आयपीएक्स-७ असे लिहिले असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाणार नाही अशी चाचणी झालेली असते. नुसते ‘जलरोधक’ किंवा ‘पावसापासून सुरक्षित’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. फोकसची हालचाल पूर्णपणे आत ठेवणे सरळ नळीच्या रचनेत सोपे जाते, म्हणून दहा-बारा हजारांत बंद दुर्बीण मिळते ती बहुधा आढ्याच्या लोलकाचीच. तिचे चित्र त्याच किमतीच्या पोरोपेक्षा किंचित मऊ असेल, हे मान्य करून ती घ्यावी. चार पावसाळे स्वच्छ राहणारे किंचित मऊ चित्र पहिल्याच श्रावणात आंधळ्या होणाऱ्या धारदार चित्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

पूर्वेकडे शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे धूळ. उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली रस्त्याची धूळ भिंगावर बसते. तिच्यातले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात, म्हणून शर्टाच्या टोकाने भिंग पुसणे म्हणजे ते हाताने घासून खराब करणे होय. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि त्यानंतरच स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावे. धुपदाळजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारे कांड्या करकोचे पाहणाऱ्यांनी ही सवय लावून घेतली तर साधी ८×४० पोरो दुर्बीणही वर्षानुवर्षे साथ देईल.

टिकाऊपणाची आणखी एक कसोटी म्हणजे दोन्ही नळ्यांची समांतरता. दुर्बीण पडली की लोलक केसभर सरकतो आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात. मेंदू ती ओढूनताणून एकत्र करतो आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते. विजेच्या दूरच्या तारेकडे पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यावी. दोन वर्तुळांतली तार एकाच पातळीत सलग राहिली पाहिजे. ती एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसू लागली तर नळ्या हललेल्या आहेत. बंदुकीवरच्या दुर्बिणीलाही हाच धोका असतो, फक्त तिथे धक्का गोळी सुटताना प्रत्येक वेळी बसतो आणि तो सोसण्यासाठी आतली रचना अधिक भक्कम करावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीसाठी अशा दुर्बिणींना जागा उरलेली नाही, आणि ते फार चांगले झाले. मात्र बंद नळी, नायट्रोजन आणि घट्ट बसवलेली काच हे त्या दुर्बिणींचे गुण आपण पाहण्याच्या दुर्बिणीतही आग्रहाने मागावेत.

चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रभिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर किमान १५ मिलिमीटर आहे ना, ते पाहावे आणि चष्मा लावूनच दुकानात तपासणी करावी. अंतर कमी असेल तर दृश्याचा फक्त मधला तुकडा दिसतो.

घरी आणल्यावर दुर्बीण तिच्या कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवू नये, कारण पावसाळ्यात ती पिशवीच ओल धरून बसते. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्यावा आणि त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी शोषले असे समजून ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. शक्य असेल तर नारिंगी दाणे घ्यावेत, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. पावसातून आल्यावर दुर्बीण आधी पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच डब्यात ठेवावी. नायट्रोजन भरलेली दुर्बीण गावातल्या चष्म्याच्या किंवा घड्याळाच्या दुकानात कधीही उघडू देऊ नये, कारण ती एकदा उघडली की तो वायू गेला आणि रबरी कड्या पुन्हा तशाच बसतील याची खात्री राहिली नाही. म्हणून पैसे देतानाच पक्की पावती घ्यावी, हमी किती वर्षांची आहे आणि दुरुस्तीला दुर्बीण कोणत्या शहरात पाठवावी लागते हे त्याच पावतीवर लिहून घ्यावे.