गव्हर्नरची निवडणूक अध्यक्षांच्या वर्षी का नसते?

आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार कोसळल्यावर अचानक आलेली निवडणूक. अमेरिकेत ती ठरलेलीच असते, अध्यक्षांच्या चार वर्षांच्या बरोबर मध्यावर. ५० पैकी ३६ राज्ये आपला गव्हर्नर याच वर्षी निवडतात. हा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. लोकांनी निवडून दिलेला असतो आणि कामाने मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

१७७६ मध्ये हे पद इतके वजनदार नव्हते. ब्रिटिश राजाने पाठवलेल्या गव्हर्नरांचा जाच ताजा असल्याने बहुतेक राज्यांनी मुदत एकच वर्ष ठेवली आणि अनेक ठिकाणी निवड विधिमंडळाकडे दिली. पेनसिल्व्हेनियाने तर गव्हर्नरच नको म्हणून कारभार एका मंडळाकडे सोपवला. नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नरला विधेयक रोखण्याचा अधिकार मिळायला १९९६ साल उजाडले!

विसाव्या शतकात एकेका राज्याने मुदत चार वर्षांची केली, तेव्हा प्रश्न आला वर्ष कोणते धरायचे. शाळा, रस्ते, कर यांवरचे मत अध्यक्षांच्या लाटेत वाहून जाऊ नये, म्हणून अनेकांनी मधले वर्ष पसंत केले. इलिनॉयने त्यासाठी १९७६ चा गव्हर्नर दोनच वर्षांसाठी निवडला आणि १९७८ मध्ये पुन्हा मतदान घेतले. फ्लोरिडाने हेच १९६४ आणि १९६६ मध्ये केले होते. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट मात्र अजूनही दर दोन वर्षांनी निवडतात.

हेतू चांगला होता, पण लाट काही टळली नाही. अध्यक्षांवरचा राग त्यांच्या पक्षाच्या गव्हर्नरांवर निघू लागला. क्लिंटन यांच्या काळात, १९९४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये मारिओ कुओमो पडले आणि टेक्ससमध्ये अ‍ॅन रिचर्ड्स पडल्या. माझ्या मते सर्वांत दूरगामी ठरले २०१०. ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही चारही राज्ये गमावली. पुढच्याच वर्षी जनगणनेनंतरचे मतदारसंघांचे नकाशे तिथल्या नव्या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या सहीने कायदा झाले. २०२२ हा अपवाद: बायडन अध्यक्ष असूनही त्यांच्या पक्षाची गव्हर्नरपदे दोनने वाढली.

मिशिगन डेमोक्रॅट्सनी परत मिळवले ते २०१८ मध्ये, ग्रेचेन व्हिटमर यांच्या रूपाने. त्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे राहून तिसरे आले होते बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार.