स्वस्त 5.45 चा उदय आणि अस्त

रायफल तीच ठेवून स्वस्त काडतुसावर सराव करायचा, ही कल्पना जुनी आहे. 1880 च्या दशकात ब्रिटिश सैनिक मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत मॉरिस ट्यूब बसवून लहान काडतुसं झाडत. पुढे ते काम .22 रिमफायर या छोट्या, स्वस्त काडतुसाकडे गेलं. अमेरिकेत एआर-15 ही 5.56 काडतुसाची लोकप्रिय रायफल सोव्हिएत 5.45×39 काडतुसावर आणण्याची जी लाट आली, तिचं मूळ मात्र शीतयुद्धानंतर विकायला निघालेल्या सोव्हिएत साठ्यांत आहे.

सोव्हिएत एके-74 रायफलीसाठी बनलेलं 7एन6 हे 5.45 चं काडतूस 1080 नगांच्या सीलबंद पत्र्याच्या डब्यांतून अमेरिकेत येऊ लागलं आणि 5.56 पेक्षा बरंच स्वस्त पडू लागलं. एआरमध्ये .22 झाडण्याचं किट त्याहूनही स्वस्त, पण त्यात ना तो धक्का, ना तो पल्ला. 5.45 मध्ये दोन्ही जवळपास मूळ रायफलीसारखे मिळत. 5.56 ची गोळी 5.70 मिमीची, 5.45 ची सुमारे 5.60, काडतुसाचं बूडही वेगळं. त्यामुळे नळी, बोल्ट आणि मॅगझिन बदलणं भाग होतं. पण एआरचा वरचा भाग (अप्पर) दोन पिना काढल्या की सुटतो आणि अमेरिकी कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे खालचा भाग, म्हणून नवा अप्पर घेणं सोपं होतं. 7एन6 चा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, क्षारयुक्त असल्याने त्याच दिवशी नळी पाण्याने धुवावी लागे, नाहीतर गंज ठरलेला. बचतीपुढे तेवढी मेहनत लोकांना जड वाटली नाही.

एप्रिल 2014 मध्ये चिलखतभेदी ठरवून 7एन6 ची आयात बंद झाली. सगळा वाद एका शब्दाभोवती फिरला: गाभा. 1986 च्या कायद्यानुसार जी गोळी पिस्तुलात वापरता येते आणि जिचा गाभा पूर्णपणे पोलाद किंवा यादीतल्या इतर कठीण धातूंचा असतो, ती चिलखतभेदी. गोळी प्रत्यक्षात काय भेदते हा निकषच नाही. 7एन6 मध्ये मऊ पोलादाचा दांडा आहे, पण त्याभोवती शिशाचा थर आहे आणि टोकाकडेही शिसं आहे. जॅकेटच्या, म्हणजे गोळीवरच्या धातूच्या आवरणाच्या, आतलं सगळं मिळून गाभा धरला, तर तो ‘पूर्णपणे’ पोलादी कसा? आयातीचा निर्णय घेणाऱ्या सरकारी खात्याने फक्त दांडा मोजला. पिस्तुलाची अट 2011 मध्येच पुरी झाली होती: याच काडतुसाच्या एका पोलिश पिस्तुलाला आयातीची मंजुरी मिळाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं रायफलीत वापरलं गेलेलं काडतूस, क्वचितच कुणी पाहिलेल्या एका पिस्तुलामुळे बाद झालं. कायद्याचं ते वाचन शब्दाला धरून असेलही, पण ‘पूर्णपणे’ या शब्दाचं उत्तर त्यातून मिळत नाही, आणि नेमबाजांचा राग मला रास्त वाटतो.

त्यानंतर पोलादी कोशाची (केस), क्षार नसलेली व्यापारी रशियन काडतुसं येत राहिली. स्वस्त, पण डब्यांइतकी नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध जाहीर झाले आणि उरलेला झराही आटू लागला. आता बरेचदा 5.56 च स्वस्त पडतं, आणि हौसेने घेतलेले 5.45 चे अप्पर पुन्हा उतरवले जात आहेत.