कलम 28 मध्ये दोरा-ताबीज नाही

"घटनेच्या कलम 28 प्रमाणे सरकारी शाळेत टिळा, ताबीज, क्रॉस, हिजाब काहीच घालता येत नाही." नागपुरात जूनअखेर शाळा उघडल्या, की हा जुना मेसेज पालकांच्या ग्रुपवर हमखास फिरतो.

कलम 28 शिकवण्याबद्दल आहे, घालण्याबद्दल नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, एवढंच त्याचं पहिलं वाक्य. बंधन संस्थेवर आहे. पोराच्या मनगटावरच्या काळ्या दोऱ्याचा तिथे उल्लेखच नाही. उलट धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्म मानण्याचा भाग समजला आहे. अर्थात कलम 25 चा हक्कही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. गणवेशाचे नियम हा वेगळा विषय. बंदी असावी की नसावी हा वाद तिथला, आणि तो कोर्टापर्यंत जातो.

गोंधळ बहुधा फ्रान्समुळे होत असावा. तिथे 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना मनाई आहे. लहानसं लॉकेट मात्र तिथेही चालतं!

पडताळायचं तर दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवर मराठी संविधान मिळतं. कलम 25 ते 28 वाचायला दहा मिनिटं पुरतात. मी माझ्या प्रतीत त्या पानाला घडी घालून ठेवली आहे. ग्रुपवर फोटो टाकायला बरी पडते.